सतरा इंचांची सीट आणि आपण

मागच्या अंकात ओर्लँडोच्या सहलीबद्दल लिहिताना मी सहज एक वाक्य टाकलं होतं, की मुलीकडे जाताना विमानात मी एक्स्टेन्शन बेल्ट मागून घेते. सहलीबद्दल कोणी एक अक्षर विचारलं नाही. पत्रं आली ती सगळी त्या बेल्टबद्दल, नाहीतर जाड अंगानं प्रवास आणि राइड कशा करायच्या याबद्दल. त्यांतली चार इथे घेतली आहेत. नाव छापू नका असं प्रत्येकीनं (आणि एका गृहस्थांनी) बजावलंय, म्हणून फक्त गावं देते.

आधी माझं सांगते, म्हणजे सल्ला कोण देतंय ते कळेल. वय ५८, उंची पाच फूट दोन इंच, वजन परवाच्या सोमवारी १०९ किलो. मी जाड आहे. 'हेल्दी' नाही, 'खात्यापित्या घरची' नाही, 'अंगानं जरा भरलेली' तर मुळीच नाही. बँकेत ३१ वर्षं कॅश काउंटरमागे बसले, निवृत्त झाले, आणि आता वर्षातून एकदा मुलीकडे जाते. वजन कमी कसं करावं हे कृपा करून मला विचारू नका. ते ठाऊक असतं तर मी दुसरं सदर लिहीत असते.

सांगलीहून एक वाचक: *ताई, मुलगी न्यू जर्सीत आहे. मे महिन्यात मुंबईहून थेट विमानानं जायचंय, पंधरा-सोळा तास. माझं वजन १२४ किलो. मिस्टर बारीक आहेत. आजवर एकदाच विमानात बसले, तिरुपतीला जाताना. तेव्हा बेल्ट लागला नाही. लाज वाटली म्हणून पदराखाली दोन्ही टोकं धरून बसले. आता सोळा तास कसं करू? जाऊच नये असं वाटतं.*

पदराखाली बेल्ट लपवणाऱ्या तुम्ही एकट्या नाही हो. पहिल्यांदा दिल्लीला गेले तेव्हा मीही ओढणीखाली हेच केलं होतं. हवाईसुंदरी रांगेतून बघत बघत आली, मी तिच्याकडे बघून छान हसले, ती पुढे गेली. उतरताना वैमानिकानं असा काही ब्रेक मारला, की मी सरकून गुडघा पुढच्या सीटवर आपटला. आठवडाभर तो काळानिळा होता, आणि घरी मी 'बाथरूममध्ये घसरले' असं सांगितलं. बेल्ट न लावल्याचं दुखणं लाजेच्या दुखण्यापेक्षा वाईट, एवढं त्या गुडघ्यानं शिकवलं.

तर आधी बेल्ट. बहुतेक विमानांत जोड-बेल्ट ठेवलेले असतात. दीड-दोन फुटांचा तुकडा, एका बाजूला जीभ, दुसऱ्या बाजूला बक्कल. तो आपल्या बेल्टच्या दोन टोकांच्या मध्ये लागतो. आपले क्रूवाले त्याला एक्स्टेन्शन बेल्ट म्हणतात, परदेशी विमानात एक्स्टेंडर म्हणायचं. सीटवर बसून घंटी वाजवून मागू नका, सगळी रांग माना वळवते. दारातून आत शिरताना जी मुलगी नमस्कार करते, तिलाच हळू आवाजात सांगा, "एक एक्स्टेन्शन बेल्ट लागेल, सीट अमुक." दहा मिनिटांत ती तो घडी करून हातात आणून देते. मला आजवर कोणी 'का' म्हणून विचारलेलं नाही. ऑनलाइन विकत मिळतात ते आणू नका. सगळ्या विमानांची बक्कलं एकसारखी नसतात, आणि अमेरिकेत तर स्वतःचा बेल्ट वापरू देत नाहीत. आणि बेल्ट पोटावर नको, पोटाखाली मांड्यांवर घट्ट यायला हवा. साडी असेल तर निऱ्या सरळ करून मग.

आता मोजमाप. हे घरी, मिस्टर फिरायला गेले असताना करा. भिंतीला एका बाजूनं खेटून पाटावर बसा. दुसऱ्या बाजूनं गव्हाचा मोठा डबा सरकवत सरकवत मांडीला नुसता टेकेल इतका आणा. मग उठा आणि भिंतीपासून डब्यापर्यंतचं अंतर टेपनं मोजा. माझं साडेएकोणीस इंच भरलं. विमानाची साधी सीट तिच्या दोन हातांच्या, म्हणजे कोपर टेकायच्या दांड्यांच्या, मध्ये १७ ते १८ इंच असते. म्हणजे मला दीड ते अडीच इंच कुठून तरी उसने घ्यायचे असतात. एकदा हा आकडा कळला, की भीती उरत नाही, हिशेब उरतो. बँकवालीला हिशेब बरा पडतो.

सगळ्या विमानांत सीट सारखी नसते आणि हे तिकीट काढतानाच बघता येतं. सीटांच्या नकाशात एका ओळीत किती अक्षरं, म्हणजे किती सीटा, आहेत ते मोजायचं. एअरबस ए३२० मध्ये तीन-तीन, सीट साधारण १८ इंच. बोइंग ७३७ मध्येही तीन-तीनच, पण विमानाचं पोटच अरुंद, त्यामुळे १७. लांबच्या प्रवासाला बोइंग ७७७ असेल तर विशेष बघा. हे विमान आलं तेव्हा बहुतेक कंपन्या ओळीत नऊ माणसं बसवत. आता बहुतेकजण तीन-चार-तीन अशी दहा बसवतात. विमान तेवढंच, माणूस एक जास्त, मग इंच कोणाचे गेले? तुमचे आणि माझे. एअरबस ए३५० मध्ये तीन-तीन-तीन असेल तर सीट १८ च्या आसपास मिळते. आणि ए३३० मिळालं तर सोनं. त्यात दोन-चार-दोन अशी मांडणी असते, खिडकीच्या बाजूला दोनच सीटा. नवरा-बायकोला ती म्हणजे स्वतंत्र खोली. त्यासाठी मध्ये एखादं विमान बदलावं लागलं तरी मी बदलते. सलग सोळा तासांपेक्षा सात आणि आठ असे दोन तुकडे पायांनाही बरे.

मिस्टर बारीक आहेत हे तुमचं मोठं भांडवल आहे. तुम्ही वाटेकडची सीट घ्या, त्यांना शेजारी बसवा आणि मधला हात वर करून ठेवा. दोन-तीन इंच तिथून मिळतात. वाटेकडचा हात हलत नाही असं वाटतं, पण बहुतेक सीटांना त्याच्या खालच्या बाजूला, मागे सांध्याजवळ, एक छोटं बटण किंवा खाच असते. बोटानं चाचपून दाबली की हात वर जातो. मला हे एका क्रूच्या मुलानं दाखवलं, आणि इतकी वर्षं आपण उगाच कंबर चेपून घेत होतो याचं वाईट वाटलं. उड्डाण करताना आणि उतरताना तो खाली ठेवायला सांगतात, तेवढा ठेवायचा. जेवणाच्या गाडीचा कोपरा खांद्याला लागतो, तेवढं मात्र सोसा.

सगळ्यात पुढची भिंतीसमोरची सीट घेऊ नका. एजंट "काकू, पुढची मिळवून दिली हं, पाय मोकळे" असं उपकार केल्यासारखं सांगतो. पाय मोकळे असतात, पण तिथले टेबल सीटच्या हातात घडी करून ठेवलेले असतात, म्हणून तो हात जाड आणि पक्का, वर होतच नाही. आपत्कालीन दाराजवळची रांग तर आपल्याला नाहीच. जोड-बेल्ट लावलेल्या माणसाला तिथे बसू देत नाहीत.

समोरचं टेबल आडवं होणार नाही, हे आधीच मनाशी धरून चला. माझं टेबल पोटावर टेकून उतरतं, पावसाळी छपरासारखं. पहिल्या खेपेला त्यावरून डाळीची वाटी माझ्या डोळ्यांदेखत निघाली. आधी हळू, मग एकदम. पिवळा डाग त्या ड्रेसवर अजून आहे. आता मी ट्रे यांच्या टेबलावर ठेवते आणि आमची जेवणं एकापाठोपाठ एक होतात, पूर्वीच्या पंगतीसारखी.

दुसरी सीट विकत घ्यावी का? शेजारी ओळखीचं कोणी नसेल आणि माप २१-२२ च्या पुढे असेल, तर खर्च करा असंच मी म्हणेन. हे वेबसाइटवर सहज होत नाही, फोन करून 'एक्स्ट्रा सीट' मागावी लागते. इंडिगोनं २०२० मध्ये एकाच प्रवाशाला दोन सीटा घेण्याची सोय काढली होती. करोनातल्या अंतरासाठी होती, पण मला ती वाचून भलताच आनंद झाला होता. दुसरी सीट घेतलीत तर बोर्डिंग पासही दोन घ्या आणि दारात दोन्ही स्कॅन करून घ्या. नाहीतर यंत्राला वाटतं माणूस आलाच नाही, आणि ती सीट दुसऱ्याला देऊन टाकतात.

पायांचं मात्र चेष्टेवर नेऊ नका. तासन्‌तास बसून पोटऱ्यांत रक्ताची गुठळी होण्याचा धोका जाड माणसाला अधिक असतो. निघायच्या आधी डॉक्टरांना भेटा, घट्ट मोजे कुठले घालायचे ते त्यांनाच विचारा. दर तासा-दीड तासानं उठा, बसल्या जागी टाचा वरखाली करा. बाथरूमला जावं लागेल म्हणून पाणी कमी पिऊ नका, हे आपण बायका हमखास करतो. मोठ्या विमानात एक बाथरूम व्हीलचेअरच्या प्रवाशांसाठी जरा ऐसपैस असतं. कुठलं ते क्रूला विचारून ठेवा, म्हणजे आत गेल्यावर वळायचं कसं हा प्रश्न उरणार नाही. चपला पायात सरकवायच्या न्या, उतरताना पाय सुजून बुटात जात नाहीत.

आणि जा हो. मुलगी वाट बघतेय.

पुण्याहून एक वाचक: *तुमच्या लेखात सगळी सहानुभूती जाड प्रवाशांना. गेल्या महिन्यात एका प्रवासात शेजारच्या गृहस्थांनी माझी एक तृतीयांश सीट व्यापली. मी पूर्ण पैसे भरले होते. वजनाप्रमाणे तिकीट का नसावं? सामानाला लावताच की.*

तुमची तक्रार रास्त आहे. तुम्ही एका सीटचे पैसे भरलेत, तुम्हाला एक सीट मिळायला हवी होती. पुन्हा असं झालं तर उठून मागे जा, क्रूला बाजूला घेऊन सांगा, रिकामी जागा असेल तर ते हलवतात. शेजाऱ्याशी वाद घालू नका. तो बिचारा तुमच्या आधीपासून स्वतःला आवळून बसलेला असतो. मी दोन तास एक हात डोक्यावर ठेवून बसलेय, शेजारच्या मुलाला लागू नये म्हणून.

तुमची कल्पना नवी नाही. २०१३ मध्ये पॅसिफिकमधल्या सामोआ एअर या छोट्या कंपनीनं माणसाला सामानासकट वजनावर तिकीट लावलं होतं. तिची विमानं चिमुकली, तिथे प्रत्येक किलोचा खरोखरच प्रश्न. पण तुमच्या मोठ्या विमानात अडचण किलोची नव्हती, इंचांची होती. सहा फुटी रुंद खांद्यांचा ८५ किलोचा पहिलवान शेजारी आला असता, तरी तुम्ही असेच आकसला असतात. मग तिकीट काय खांद्याच्या मापानं लावायचं? शिंप्याला बसवा विमानतळावर.

दुसऱ्या टोकाला कॅनडा. तिथे जानेवारी २००९ पासून देशांतर्गत प्रवासात ज्याला लठ्ठपणामुळे वैद्यकीयदृष्ट्या दोन सीटा लागतात, त्याच्याकडून दुसरीचे पैसे मोठ्या कंपन्यांनी घ्यायचे नाहीत असा नियम आहे. कंपन्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेल्या, पण न्यायालयानं अपील ऐकायलाच नकार दिला. अमेरिकेत साउथवेस्ट ही कंपनी दुसऱ्या सीटचे पैसे वर्षानुवर्षं परत करत होती. आता तिनंही अटी आवळल्यात, विमानात जागा रिकामी उरली तरच परतावा. माझं म्हणाल तर मी कॅनडाच्या बाजूची. तुम्ही कुठल्या बाजूचे ते लक्षात आलं.

कोल्हापूरहून, वय १९: *काकू, आमच्या कॉलेजची ट्रिप इमॅजिकाला जातेय. माझं वजन ९६ आहे. सगळे तिथल्या नायट्रो या रोलर कोस्टरबद्दल बोलतायत. मला भीती उंचीची नाही, बार बंद झाला नाही तर सगळ्यांसमोर उतरावं लागेल याची आहे. पोट दुखतंय सांगून घरी राहू का?*

घरी राहू नकोस. पण तुझी भीती खोटी आहे असंही मी म्हणणार नाही, कारण माझ्यावर ही वेळ आलीय. कुठल्या पार्कात ते जाऊ दे. भाच्यांनी ओढत नेलं. वरून येणारा तो जाडजूड हार्नेस खांद्यावर उतरला. एक 'टक्' ऐकू आलं. दुसरं येईना. ड्यूटीवरचा मुलगा आला, त्यानं जोर लावला, मग गुडघा टेकवून जोर लावला, मग दुसऱ्याला हाक मारली, "अरे, इकडे ये जरा." सबंध गाडी थांबलेली. मागून कोणीतरी म्हणालं, "काय झालं, बंद पडली का?" शेवटी मी उतरले. बाहेर जायचा जिना दुसऱ्या बाजूला होता आणि तिथवर मला सगळ्यांच्या समोरून जावं लागलं. भाचे म्हणाले, "मावशी, तू आमच्या चपला सांभाळ." चार जोड चपला मांडीवर घेऊन मी बाकावर बसले.

आता त्यामागचं यंत्र समजून घे, म्हणजे निम्मी धाकधूक जाईल. इमॅजिका २०१३ मध्ये खोपोलीजवळ सुरू झालं, आणि नायट्रो ही त्यातली सगळ्यात दांडगी राइड, पायाखाली जमीन नसलेली, पाच वेळा उलटं करणारी. अशा कोस्टरला प्रश्न काट्यावरच्या वजनाचा कमी आणि आकाराचा जास्त असतो. वरून येणारा हार्नेस छातीवरून पोटावर येतो आणि त्याचा पट्टा दोन पायांमध्ये सीटला अडकवावा लागतो. तो पट्टा अडकला की चाललं, नाही अडकला की नाही. ९६ किलोची एक मुलगी त्यात आरामात बसते, कारण तिचं वजन मांड्यांत आहे. आणि ८५ किलोची दुसरी बसत नाही, कारण तिचं छातीत. म्हणून तुझ्या वजनावरून मी काहीच सांगू शकत नाही, आणि तुझ्या मैत्रिणीही सांगू शकत नाहीत.

बसताना एक युक्ती. आधी पार मागे सरक, पाठ आणि कंबर सीटला चिकटव, सरळ बस, श्वास सोड, आणि हार्नेस स्वतःच्या हातानं खाली ओढ. बहुतेकजण घाबरून पुढे सरकून बसतात आणि तिथेच दोन इंच घालवतात. रांगेत शिरण्याआधी बाहेर नमुन्याची सीट ठेवलेली दिसली तर त्यात बसून बघ. नसेल तर दारावरच्या माणसालाच विचार, "मी यात बसेन का? मोठ्या मापाची सीट कुठल्या रांगेत आहे?" जगभरच्या या जातीच्या पुष्कळ कोस्टरांत एखाद-दोन रांगांत जास्तीच्या पट्ट्याच्या सीटा असतात, मुद्दाम आपल्यासाठी. त्याला माहीत असेल तर सांगेल. हे विचारायला पार्क उघडल्या उघडल्या जा, तेव्हा रांगही नसते आणि प्रेक्षकही.

पण तो नाही म्हणाला तर नाही. "दादा, बघा ना, बसेल" असं म्हणायचं नाही, आणि मैत्रिणींनाही म्हणू द्यायचं नाही. मार्च २०२२ मध्ये ओर्लँडोत एका उंच मनोऱ्यावरून खाली सोडणाऱ्या राइडवरून १४ वर्षांचा एक मुलगा पडून दगावला. राइड बनवणाऱ्यांनी घातलेली मर्यादा १३० किलोची होती आणि तो त्यापेक्षा बराच वजनदार होता. तपासात निघालं, की त्याच्या सीटचा सेन्सर हातानं बदलून ठेवला होता. हार्नेस नको तितका उघडा असतानाही यंत्र 'ठीक आहे' म्हणत होतं. पुढे तो मनोरा पाडला. मला उतरवणाऱ्या त्या मुलाचा मला तेव्हा राग आला होता. ही बातमी वाचली त्या दिवशी गेला.

बाकी तिथे नायट्रोशिवाय पुष्कळ आहे. 'आय फॉर इंडिया'त बसून देशावरून उडता येतं, 'रॅथ ऑफ द गॉड्स'मध्ये अंगावर पाणी आणि आग दोन्ही येतात. वॉटर पार्क असेल तर दोन गोष्टी: तिथल्या काही घसरगुंड्यांना मात्र किलोची स्पष्ट मर्यादा असते, बाहेर पाटीवर लिहिलेली. ती आकाराची नसून खरोखर वजनाची, कारण ट्यूब किती वेगानं खाली येणार ते त्यावर ठरतं. आणि नायलॉन-लायक्राचा पोशाख स्वतःच्या मापाचा घरून ने. सुती कपडे चालवत नाहीत, आणि भाड्यानं मिळणाऱ्यांत आपल्या मापाचं मिळेल या भरवशावर राहू नकोस. काउंटरवरची बाई "डबल एक्स्ट्रा लार्ज संपलं" असं जितक्या मोठ्यानं सांगते, तितक्या मोठ्यानं ती दुसरं काहीच बोलत नाही.

आणि ट्रिप झाली की मला कळव, पट्टा अडकला का.

डॅलसहून एक वाचक: *सासूबाई रत्नागिरीहून येतायत, त्यांना मुलांबरोबर ओर्लँडोला न्यायचंय. त्या ११५ किलोच्या आहेत, गुडघे दुखतात, पण उत्साह आमच्यापेक्षा जास्त. कुठल्या राइडला चालतील आणि कुठल्या नाही हे त्यांना न दुखावता कसं सांगू?*

तुम्ही सांगूच नका. याद्या करून "आई, हे तुमच्यासाठी नाही" म्हणालात, तर त्या सहा महिने लक्षात ठेवतील. मी ठेवले असते. नमुन्याची सीट दिसली की आधी तुम्ही बसा, मग नवऱ्याला बसवा, मुलांना बसवा, शेवटी त्या आपणहून बसतील. मग जे काय सांगायचं ते सीटच सांगेल.

डिस्ने आपल्या लोकांना सोयीचं आहे. 'पायरेट्स ऑफ द कॅरिबियन' आणि 'इट्स अ स्मॉल वर्ल्ड' यांच्या होड्यांत सलग बाक आहेत, हात-बित काही नाही. होडीत उतरताना पायरी खोल आहे, गुडघ्यांसाठी एका बाजूला मुलाचा हात हवा. 'हाँटेड मॅन्शन'ची गाडीही सलग बाकाची, मी नातवाला घेऊन लागोपाठ दोनदा बसले. दोघांत एकच आडवा बार असेल तिथे लक्ष ठेवा. तो मोठ्या माणसाच्या पोटावर थांबतो आणि शेजारच्या लहान मुलाच्या मांडीवर मोकळी जागा राहते. बार पाडणाऱ्या कर्मचाऱ्याला विचारल्याशिवाय आजी-नातवंडं एकत्र बसवू नका. 'स्पेस माउंटन'मध्ये बसता येतं, पण सीट इतकी खाली, की उठताना मला दोघांनी ओढलं. तिथे मी विठ्ठलाचं नाव घेतलं.

ज्यांत मोटरसायकलवर बसल्यासारखं वाकून बसायचं, त्या दोन राइड्स जपून. 'अवतार फ्लाइट ऑफ पॅसेज' आणि 'ट्रॉन लाइटसायकल रन'. त्यांत पाठीमागून आणि पोटऱ्यांमागून पकड येते. कंबर बसली तरी पोटऱ्या जाड असल्या की अडतं, हे कोणी आधी सांगत नाही. दोन्हींच्या बाहेर नमुन्याच्या सीटा आहेत. ट्रॉनच्या काही गाड्यांना शेवटी नेहमीसारखी बसायची सीट असते, ती मागता येते, थोडं जास्त थांबावं लागतं एवढंच.

युनिव्हर्सलमध्ये हार्नेस जास्त, त्यामुळे तिथे 'नाही'ही जास्त. हॅरी पॉटरच्या 'फॉरबिडन जर्नी'च्या बाहेर नमुन्याची सीट आहे, तिथे सरळ बसून बघायचं. पुढे कधी त्यांना हॉलीवुडच्या युनिव्हर्सलला नेलंत, तर तिथल्या २०२३ च्या 'मारिओ कार्ट'जवळ पाटीच होती, की कंबर ४० इंचांच्या वर असेल तर बसता येणार नाही असं होऊ शकतं. चाळीस! त्या मापानं आमच्या सोसायटीची अर्धी कमिटी बाहेर राहील.

खरी परीक्षा राइडची नसून चालण्याची आहे. दिवसाला आठ-दहा किलोमीटर सहज होतात, आणि फ्लोरिडाचा घाम कोकणाइतकाच. त्यांना गुडघेपर्यंतच्या सायकलिंग शॉर्ट्स घ्या, ड्रेसच्या आत घालायला, आणि मांड्यांना आतून व्हॅसलीन. जांघा घासून सोलवटल्या की दुसऱ्या दिवशी माणूस हॉटेलातून हलत नाही, आणि सासूबाई तुम्हाला कारण सांगणार नाहीत, 'तुम्ही जा, मी आराम करते' म्हणतील. पार्कात भाड्यानं बॅटरीची स्कूटर मिळते. मी आधी नको म्हणाले, दुसऱ्या दिवशी दुपारी घेतली आणि तिसऱ्या दिवशी सकाळीच रांगेत उभी राहिले. सुरुवातीला नातवाला चालवायला हवी असते, त्याला देऊ नका.

हॉटेलांत बसताना 'बूथ' नको, 'टेबल' म्हणा. बूथचा बाक आणि टेबल दोन्ही जमिनीला ठोकलेले असतात, आपल्या सोयीनं काही सरकत नाही. खुर्ची हात नसलेली मागा.

आणि त्यांनी रत्नागिरीहून काहीबाही बांधून आणलंच असेल, तर दशम्या आणि चिवडा पिशवीत टाका. डिस्नेत घरचं खाणं आत नेऊ देतात. काच चालत नाही, लोणचं बरणीतून काढून प्लॅस्टिकच्या डबीत भरा.